चेहरा सगळ्यात शेवटी

काका माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नसत. आधी हात बघत. मग बाह्या, कॉलर, मग तो माणूस ज्या भिंतीसमोर उभा असेल ती भिंत. आणि हे सगळं झालं की शेवटी, राहिलाच आहे तर बघून घेऊ अशा बेताने, चेहरा. ॲमस्टरडॅमजवळच्या डीमनमधल्या त्यांच्या फ्लॅटवर मी खोली बघायला गेलो त्या दिवशी दार उघडून ते माझ्या हातांकडे इतका वेळ बघत राहिले, की मी अवघडून हात जॅकेटच्या खिशात घातले.

"बाहेर काढ," ते म्हणाले.

"काय?"

"हात. जुन्या चित्रांत हात लपवतो तो सरदार. एक हात झग्यात आणि दुसऱ्यात हातमोजे. मला काम करावं लागत नाही, असं सांगणं असतं ते. तू सरदार आहेस का?"

"नाही काका, आयटीत आहे."

"म्हणजे हातांनी काय करतोस?"

"टाइप करतो."

"अरेरे," ते मनापासून म्हणाले. "ये आत. चहा टाकतो."

खोली तर त्यांनी दिलीच, शिवाय खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, त्या पत्त्यावर माझं नावही नोंदवू दिलं, जे इथले घरमालक सहसा करू देत नाहीत. ॲमस्टरडॅमच्या आसपास ज्याने घर शोधलं आहे त्याला यातला मोठेपणा सांगायला नको. बायको-मुलगी पुण्यात, मुलीची दहावी, आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन पेइंग गेस्ट. तिथे दोन वर्षं राहिलो. त्या दोन वर्षांबद्दल लिहायला बसतो आणि उठतो. पाणी पितो, खिडकी उघडतो, परत लावतो. आज उठायचं नाही असं ठरवलं आहे.

काका मूळचे नाशिकचे. तिथे सरकारी छापखान्यात धातूच्या पत्र्यावर चेहरे कोरायला शिकले. तिकिटावरचा चेहरा आपण जीभ लावून चिकटवतो तेव्हा तो कोणीतरी रेषारेषांनी कोरलेला असतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तिशीच्या आत ते हार्लेमच्या एका छापखान्यात याच कामावर आले. पुढे ते काम संगणकावर गेलं, काका निवृत्त झाले आणि हत्यारं घेऊन घरी आले. देव स्वयंपाकघरात होते. बाकी सगळ्या भिंतींवर सतराव्या शतकातले डच प्रोफेसर, पाद्री, डॉक्टर आणि नगराध्यक्ष. सगळे छापील, सगळे काळ्या कपड्यांत, सगळे दगडी वाटणाऱ्या लंबगोल चौकटीत बसलेले. चौकटीभोवती नाव, खाली लॅटिन कविता. काकांनी ते जुन्या बाजारांतून, पुस्तकांच्या रद्दीतून आयुष्यभर जमवले होते. मी रात्री पाणी प्यायला उठलो की चाळीसएक विद्वान माझ्याकडे बघायचे.

रविवारी पोहे झाले की टेबल पुसून काका एक चित्र समोर ठेवत आणि माझी परीक्षा सुरू होई.

"हा कोण?"

"कोणीतरी प्रोफेसर."

"कशावरून?"

"हातात पुस्तक आहे."

"पुस्तक रद्दीवाल्याच्याही हातात असतं. बोट बघ, बोट."

प्रोफेसरांनी पुस्तक मिटलं होतं, पण तर्जनी पानांत अडकवून ठेवली होती.

"तो वाचत होता," काका म्हणाले. "तू मध्येच आलास. आता तो सभ्य माणूस आहे म्हणून तुझ्याकडे बघतोय, पण तू कधी जातोस याची वाट बघतोय. तू गेलास की त्याच पानावर परत. हुशारी दाखवायची म्हणजे अशी. नुसतं पुस्तक दिलं तर तो दुकानदार."

मग ते कपाळ दाखवत. दाढीचा केस न् केस कोरलेला, झग्याच्या कडेची लव बोटाला लागेल अशी, आणि कपाळाच्या मध्यावर काहीच नाही. तिथे कोरणी टेकलेलीच नसते. नुसता कोरा कागद. "सगळा उजेड तिथे. बाकी सगळीकडे मेहनत करायची आणि डोकं सोडून द्यायचं. हे शिकायला मला सहा वर्षं लागली. साहेब ओरडायचे, अरे, किती कोरतोस, माणूस आहे की फणस!"

दर्जा मात्र ते काळ्या रंगात वाचत. सगळ्यांचेच कपडे काळे, पण साटीनचं काळं वेगळं, मखमलीचं वेगळं, साध्या लोकरीचं वेगळं, आणि हा फरक कोरणाऱ्याने निव्वळ रेषांच्या जाडीवर आणि अंतरावर दाखवलेला. मागचा पडदा आणि खांब यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "प्रोफेसरच्या दोन खोल्यांच्या घरात एवढा खांब आला कुठून? उसना आहे. अर्ध्या गावाने हाच खांब वापरलाय." संध्याकाळी फिरायला गेलो की डीमनच्या पडदे न लावलेल्या खिडक्यांसमोर ते बिनदिक्कत उभे राहत. आत एक दिवा, एक ऑर्किड, एक जाड पुस्तक. "बघ, तोच धंदा अजून चालू आहे," ते मोठ्याने म्हणत. मी त्यांना बाहीला धरून पुढे ओढत असे.

नोकरीच्या साइटवरचा माझा फोटोही त्यांनी सोडला नाही. मी पुस्तकांच्या कपाटासमोर हाताची घडी घालून उभा होतो.

"कपाट कोणाचं?"

"ऑफिसचं."

"त्यातलं एकतरी वाचलंस?"

"काका, फोटोग्राफरने उभं केलं तिथे."

"मग घडी कशाला घातलीस? थंडी होती का?"

हसण्यावारी नेलं, पण त्या आठवड्यात मी तो फोटो बदलला.

काकू माझ्या येण्याच्या तीन वर्षं आधी गेल्या होत्या. बाडहूव्हडॉर्पला विमानातलं जेवण भरणाऱ्या एका किचनमध्ये त्यांनी वीस वर्षं थंडगार हॉलमध्ये उभं राहून ट्रे लावले. पण काका सांगत ते दुसरंच. डच आधी काकू शिकल्या. काका छापखान्यात मुक्याने काम करू शकत. काकूंना तसं चालणार नव्हतं. खेमेंटेचं पत्र, शाळेचं पत्र, करखात्याचं निळं पाकीट, जे आलं की इथे भलेभले फोडायला धजत नाहीत, ते घेऊन सगळ्या जिन्यातले लोक त्यांच्याकडे येत. मराठी, सुरिनामी, एक तुर्की म्हातारी. काकू ओट्याशी उभ्या राहून पत्र वाचत, समोरच्याला थांबवत आणि मग म्हणत, "घाबरू नका, यावर हरकत घेता येते." हरकतीचा अर्जही त्याच लिहीत.

"तिचं चित्र करायचंय," काका एकदा म्हणाले. "असंच." आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "चौकट, नाव, सगळं. या चाळिसांत एक तरी बाई आहे का नुसत्या डोक्यासाठी बसवलेली? एरवी चित्रांत असतात त्या कोणाच्या तरी बायका."

त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग जात चालला होता. कडेचं दिसे, समोरचं धुरकट. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थांबणार नाही, हळूहळू वाढत जाईल. म्हणजे एकच पत्रा होणार, तोही होईल तेवढ्या दिवसांत. हे त्यांनी मला भाजी निवडताना सांगितलं, आणि टिलबर्गला राहणाऱ्या आपल्या मुलीला सांगायचं नाही अशी ताकीद दिली.

हातात काय द्यायचं यावर त्यांनी महिनाभर घातला. पुस्तक नको, खोटं होईल. लेखणी नको, ती कवयित्रीला. शेवटी निळं पाकीट ठरलं. स्वेटरच्या सुईने फोडलेलं, आणि तर्जनी त्यात अडकवलेली. "ती वाचत होती, कोणीतरी दार वाजवलं," काका म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

हात त्यांनी आठवणीवरून कोरले. वाळू भरलेल्या चामडी उशीवर पत्रा ठेवलेला, डोळ्याला भिंग, आणि उजवा हात जवळजवळ हलत नसे. डाव्या हाताने पत्राच फिरवायचा, हत्याराखाली रेष वळत जाते. तांब्याची बारीक तार कुरळी होऊन वर येई आणि काका ती फुंकून टाकत. सगळं उलटं कोरायचं, छापताना सुलट होतं. चेहरा सगळ्यात शेवटी. "हात बसला पाहिजे आधी. चेहऱ्यावर शिकायचं नसतं."

आणि चेहऱ्यासाठी फोटो हवा होता. अल्बम खालच्या सामानाच्या खोलीत पाणी शिरून गेले होते. काकू लोकांची पत्रं वाचत त्या वयातला, जरा बाजूला बघणारा असा एकच फोटो उरला होता. एका दिवाळीच्या जेवणाचा, वीस माणसांच्या घोळक्यात, काकूंचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा.

"मोठा करून देशील?" काकांनी विचारलं.

"हे तर माझंच काम झालं काका. पाच मिनिटांत."

खरंच पाच मिनिटं लागली. फोटो स्कॅन केला, ऑफिसात सगळे वापरत होते त्या एआयच्या प्रोग्रॅममध्ये टाकला, आणि करंगळीच्या नखाएवढ्या डागातून एक पूर्ण चेहरा उगवला. पापण्या, ओठांच्या कडा, केसांचा भांग, सगळं स्वच्छ. मोठा प्रिंट काढून नेला. काकांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, तिरका धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, या घरासाठी काहीतरी केलं.

ते कोरायला लागले. दोन आठवड्यांनी म्हणाले, याहून मोठा मिळाला तर बरं, मला कमी दिसतंय. मी परत तोच स्कॅन त्याच प्रोग्रॅममध्ये टाकला. या वेळी दुसरीच बाई आली.

नाक वेगळं. हनुवटी वेगळी. तितकीच स्वच्छ, तितकीच खरी वाटणारी. मी तिसऱ्यांदा टाकला; तिसरी आली. तेव्हा मला कळलं. कळायला आधीच हवं होतं, मी या धंद्यात आहे. प्रोग्रॅमने फोटोतून काही शोधून काढलं नव्हतं. तिथे शोधायला काही नव्हतंच. त्याने चांगली दिसेल अशी एक बाई बनवून दिली होती आणि काका भिंग लावून तिला तांब्यावर उतरवत होते.

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी, चहाच्या आधी. मी गेलो तर ते शिट्टी वाजवत काम करत होते. मी म्हटलं, "याहून मोठा होत नाही काका, फाटतो." आणि दुसरी-तिसरी बाई कॉम्प्युटरवरून पुसून टाकली.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही. एका रविवारी ते काम थांबवून म्हणाले, "एक सांग. हिची डावी पापणी जरा खाली असायची. दमली की जास्तच. मी चिडवायचो, अर्ध्या डोळ्याने हिशेब घेतेस म्हणून. या तुझ्या प्रिंटमध्ये सरळ दिसतेय. मूळ फोटोत बघ बरं, मला ते बारीक दिसत नाही."

मी मूळ फोटो उजेडाकडे नेला. तिथे पापणी म्हणजे एक करडा ठिपका होता.

"सरळच आहे काका," मी म्हणालो.

त्यांनी भिंग काढून पुसलं. मग म्हणाले, "म्हणजे डोळ्यांबरोबर आठवणही चालली म्हणायची." आणि त्यांनी पापणी सरळ कोरली.

त्यानंतर मी घरी थांबेनासा झालो. उशिरापर्यंत ऑफिस, शनिवारी विनाकारण सायकल काढून कालव्याच्या कडेने वेस्पपर्यंत जायचं, परत यायचं. चार महिने. काका विचारत, "पायाला चाकं लागली का तुझ्या?" त्यांचा आवाज आनंदी असे, आणि मी त्यामुळेच पळत असे.

चेहरा पुरा झाला. सामानाच्या खोलीत त्यांनी उसाच्या चरकासारखं दोन रुळांचं छोटं यंत्र ठेवलं होतं. पत्र्याला शाई चोपडली, जाळीच्या कापडाने पुसली, वर ओलसर कागद, वर जाड लोकरीचं कापड, आणि मी चाक फिरवलं. काकांनी कागद टोकाला धरून सोलला आणि तो भिंगाखाली कडेकडेने, इंचाइंचाने बघितला. पत्र्यावर उलटं असलेलं आता सुलट झालं होतं. हातांवर ते रमले. चेहऱ्यावर आले आणि थांबले. पुन्हा हातांवर गेले, पुन्हा चेहऱ्यावर.

"बाई हुशार आहे," ते म्हणाले. "पण ही माझ्या ओळखीची नाही."

मी त्या अरुंद खोलीत, सायकलींना पाठ टेकून, सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, दुसरी बाई, तिसरी बाई, पापणी. पापणीचं सांगताना त्यांनी डोळे मिटले.

"म्हणजे ती खालीच होती."

"तुम्हाला आठवत होतं तशीच असणार काका. फोटोत काहीच कळत नाही."

"हं." त्यांनी शाईचं कापड घडी घालून ठेवलं. "पूर्वीही करायचे असं. राज्य बदललं की पत्र्यावरचं डोकं खरवडायचं आणि नव्या साहेबाचं बसवायचं. झगा तोच, हात तेच, पुस्तक तेच. पण त्यात निदान कोरणाऱ्याला माहीत असायचं."

मला वाटलं आता खोली सोडायला सांगतील. मला ते हवंही होतं. त्यांनी तीन धारांचं एक हत्यार माझ्या हातात दिलं.

"तू पूस. माझ्याच्याने हातांना धक्का लागेल."

तीन रविवार लागले. तांबं वाटतं तितकं मऊ नसतं. एकेक रेष खरवडायची, मग गुळगुळीत पोलादाने घासायची, मग पत्रा उलटा करून मागून हळूहळू ठोकायचं म्हणजे खड्डा वर येतो. काका शेजारी बसून आवाजावरून सांगत, "दाबू नकोस. आडवं धर. आता तेल." एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर मी बसू शकलो असतो; मी दर पाच मिनिटांनी उठत होतो. तिसऱ्या रविवारी त्यांनी अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, "झाली साफ." मग कोरणी घेतली, भिंग लावलं आणि कपाळाच्या जागी टेकवली. हात स्थिर होता, पण टोक कुठे टेकलं आहे हे त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी ती परत पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

चेहऱ्याशिवाय तीन प्रती काढल्या. चौकट, नाव, पदर, पाकीट, हात, आणि वर अंडाकृती कोरी जागा.

पुढच्या महिन्यात त्यांची मुलगी टिलबर्गहून आली. चित्र टेबलावर होतं. ती कोट न काढता त्याच्यासमोर उभी राहिली आणि डचमध्ये म्हणाली, "आईचे हात." थंडीने सुजलेला सांधा होता मधल्या बोटाचा, त्यावर तिने बोट ठेवलं. मग विचारलं, "पण चेहरा?"

काका मराठीत म्हणाले, "नाही जमला गं मला."

ज्या माणसाने एका रेषेबद्दलही कधी 'जमली नाही' म्हटलं नव्हतं, त्याने हे सरळ, माझ्याकडे न बघता म्हटलं. मी ओट्याशी उभा होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा गाळत राहिलो.

"खेफ्त नीत, पपा," ती म्हणाली. असू दे, काही हरकत नाही. तिने त्यांना मिठी मारली, आणि त्यांच्या खांद्यावरून मला म्हणाली, "तू त्यांना एवढी मदत केलीस, थँक यू." मी मान हलवली. ते आभार मी घेतले.

काका या फेब्रुवारीत गेले. तोवर बायको-मुलगी आल्या होत्या आणि आम्ही दुसऱ्या घरात राहत होतो. काकांच्या मुलीने ते चित्र फ्रेम करून लावलं आहे. येणाऱ्यांना ती सांगते की शेवटी बाबांचा हात चालला नाही. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला: तू बाबांबरोबर राहिलास, त्यांच्याबद्दल थोडं लिहून देशील का, मुलांसाठी ठेवायचं आहे.

हे ते लिखाण. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणजे मलाच वाचून दाखवावं लागणार. आणि वाचता वाचता मी चार पानं गाळली तर तिला कळणारही नाही. मी स्वतःला ओळखतो. म्हणून पहिल्या पानाच्या माथ्यावर, तिला दारातच दिसेल अशा मोठ्या अक्षरांत, एक ओळ डचमध्ये लिहिली आहे: चेहरा तुझ्या बाबांमुळे नाही, माझ्यामुळे गेला. शनिवारी अकराला येतो म्हणून कळवलं आहे.